गाडीनं गिळलेलं नाव

दापोडीला रेल्वेच्या रुळांलगतच्या आळीत कादर कर्णेवाल्याला ओळखत नाही असा माणूस सापडलाच, तर तो ठार बहिरा असणार किंवा आदल्या दिवशी एस.टी.तून उतरलेला असणार. कादरकडे एक जुनी लँडमास्टर मोटार होती. तिचा मूळचा रंग निळा की हिरवा यावर आळीत दोन तट होते. टपावर लोखंडी अँगलची उंच चौकट, चौकटीवर एक कर्णा पुढे तोंड करून, एक मागे, आणि मागची सीट काढून त्या जागी लाकडी खोक्यात बसवलेला अँप्लिफायर. कादर त्याला नुसतं 'मशीन' म्हणायचा, आणि दिवसातून शंभरदा म्हणायचा. त्याची बायको रहमतबी आळीतल्या बायकांना सांगायची, "माजं नाव घ्यायला यांची दातखीळ बसती, आन् मशीनचं नाव घेताना तोंड दुखत न्हाई."

चाकणला तंबूत नवा सिनेमा लागला, कुणाची म्हैस हरवली, पिंपरीत दोन दिवस नळाला पाणी येणार नाही, देवीची लस टोचायला माणसं आलीत, परवा सभा आहे. चार लोकांना जे काही कळायला हवं ते कादरच्या कर्ण्यातून कळायचं. माईक हातात आला की त्याचा आवाज असा काही फुटायचा की मारुतीच्या पारावरची कुत्रीसुद्धा उठून बसत. आणि गंमत अशी, की माईक खाली ठेवला की हाच माणूस पार मुखदुर्बळ. वाण्याकडे साखर मागायची तर दोनदा खाकरणार. रागावला तर घराबाहेर जाऊन उभा राहणार. जे बोलायचं ते दुसऱ्याचं, आणि तेही कर्ण्यातून, असा त्याचा जन्मभराचा खाक्या होता.

कादर मूळचा खेडचा. बाप भांड्यांना कल्हई लावायचा. कल्हईचा धंदा बसायला लागला तसा पोरगा पुण्याला सरदारमियांच्या लाऊडस्पीकरच्या दुकानात चिकटला आणि बासष्टच्या निवडणुकीत त्यांच्या जीपबरोबर पहिल्यांदा गावोगाव हिंडला. उस्ताद सरदारमियांनी त्याला जे शिकवलं त्यातली एक गोष्ट त्याच्या हाडात मुरली होती: मशीन थंड पडू द्यायचं नाही.

त्याला कारणही होतं. त्या वेळची मशिनं काचेच्या व्हॉल्व्हची. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय आवाज निघायचा नाही, आणि पुढाऱ्यांना तेवढा दम नसायचा. शिवाय मोटारीच्या बॅटरीचा करंट व्हॉल्व्हना सरळ चालत नाही, म्हणून मध्ये एक व्हायब्रेटर बसवलेला असे. अंगठ्याएवढी पत्र्याची डबी, आणि तिच्यात एक पोलादी पट्टी सारखी थरथरत करंट तोडायची आणि जोडायची. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की या पट्टीची टोकं जळायची. म्हणून उस्तादांचा नियम असा, की सकाळी चालू केलेलं मशीन दिवसाचं काम संपल्यावरच बंद करायचं. मधे चहाला उतरा, जेवायला उतरा, नमाजाला जा, बटण फक्त अर्ध्यावर आणून ठेवायचं. कर्णा मुका होई, पण आत डबीतली पट्टी थरथरत राही. कर्णा मुका म्हणजे मशीन गप्प, असं कादर धरून चालायचा. उस्तादही तसंच धरून चालायचे.

आळीतले लोक कधीमधी कुरकुर करत, "कादरभाई, तुमची गाडी दारात आली की आमचा रेडिओ मरतोय राव." कादर ओशाळून हसायचा. एवढे दोन कर्णे कोकलत आल्यावर रेडिओ ऐकू येणारच कसा, असं त्याला वाटायचं. लोक काय सांगतायत ते त्यानं कधी नीट ऐकलंच नाही. ज्याचा धंदा दुसऱ्यांना ऐकवायचा, त्याला ऐकायची सवय कमीच असते.

समोरच्या खोलीत भिमाबाई राहायची. तिचा नवरा दत्तोबा रेल्वेच्या गँगमध्ये होता. पोरगा सहा वर्षांचा असताना तो गेला. तेव्हापासून भिमाबाई पिंपरीच्या एका औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुवायला जायची. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात चूल, आणि एकुलता एक जयसिंग. रहमतबीची दोन्ही बाळंतपणं भिमाबाईनंच केली होती. दोन्ही मुलं आठवडाभरसुद्धा राहिली नाहीत, आणि दोन्ही वेळा रहमतबीच्या उशाशी हीच बाई बसून होती. त्यामुळे जयसिंगवर दोन घरांचा हक्क होता. इकडे भाकरी खायची, तिकडे कालवण, असाच तो वाढला.

अडुसष्ट साली लष्करभरतीची वर्दी कर्ण्यावरून फिरवायचं काम कादरला मिळालं. "धडधाकट तरुणांनो, देशाला तुमची गरज आहे," असं तो दापोडीपासून चाकणपर्यंत तीन दिवस ओरडत होता. चौथ्या दिवशी जयसिंग खडकीला जाऊन रांगेत उभा राहिला आणि छाती मोजून घेऊन आला. भिमाबाई महिनाभर कादरशी बोलली नाही. मग पोराचा गणवेशातला फोटो आला आणि तिनंच तो आधी कादरच्या घरात नेऊन दाखवला.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली आणि चौदा दिवसांत संपलीही. आळीत पेढे वाटले गेले. पेढ्यांनंतर दहा दिवसांनी तार आली. ती वाचायला आळीच्या तोंडाशी राहणारे रिटायर हवालदार अण्णासाहेब आले. वाचून झाल्यावर त्यांनी तार दोनदा घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

"बेपत्ता," ते म्हणाले.

"बेपत्ता म्हंजी?" भिमाबाईनं विचारलं.

"म्हंजी मेल्याचं बी कळलं न्हाई, आन् सापडला बी न्हाई."

भिमाबाई रडली नाही. ती उंबऱ्यावर बसून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेली. बाटल्या धुता धुता तिच्या हातून चार फुटल्या. पंधरा वर्षांत तिच्या हातून एकही बाटली फुटली नव्हती.

जानेवारीच्या शेवटाला अण्णासाहेबांनी एक बातमी आणली. पलीकडचं लाहोर स्टेशन रोज दिवेलागणीला आपल्या पकडलेल्या जवानांची नावं वाचतं. हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव. "नाव आलं की समजायचं, गडी जिता हाय," अण्णासाहेब म्हणाले. "पन ते स्टेशन धरनं सोपं न्हाई. त्याला चांगला रेडिओ पायजे आन् हात पायजे."

चांगला रेडिओ आळीत एकच होता, कादरचा तीन बँडचा ट्रान्झिस्टर. आणि हात तर कादरचाच. भिमाबाई त्याच्या दारात आली तेव्हा तो रेडिओला नवे सेल घालूनच बसला होता.

"आक्का, रेडिओ तुमच्या घरात लावू," कादर म्हणाला आणि खाली बघत राहिला. "माझ्या घरात लाहोर वाजायला लागलं तर लोक काय म्हणतील, तुम्हाला ठाऊकच आहे."

भिमाबाईला ठाऊक होतं. अण्णासाहेबांनाही ठाऊक होतं. त्यांनी रेडिओ उचलला आणि समोरच्या खोलीत नेऊन ठेवला.

नेमकी त्याच सुमाराला निवडणूक आली होती. कादरची गाडी सकाळी आठला निघायची ती भोसरी, चाकण, खेड करत फिरायची. तरी रोज दिवेलागणीच्या आधी, काही झालं तरी, तो गाडी वळवून आळीत यायचा. उमेदवाराची माणसं शिव्या घालायची. हा ऐकून घ्यायचा आणि निघायचा. भिमाबाईच्या दाराला गाडी लावायची, मशीनचं बटण अर्ध्यावर आणायचं, आत जाऊन स्टेशन धरायचं, अर्धा तास ऐकायचं आणि पुन्हा सभेला पळायचं. इतकं कुणी सख्ख्या भावासाठी करत नाही. भिमाबाई हे दहा जणांना सांगत होती.

पहिल्याच संध्याकाळी काटा हलवता हलवता दूरवर एक आवाज लागला. माणूस बोलत होता एवढं कळत होतं. पण त्या आवाजावर भुर्र्र करून अशी खरखर पसरली होती, की बोलण्यातला एक शब्द धड लागेना. कादरनं रेडिओ आडवा केला, उभा केला, खिडकीत ठेवला. खरखर हटेना. अर्ध्या तासानं आवाज बंद झाला, आणि सेल वाचवायचे म्हणून भिमाबाईनं लगेच रेडिओचा कान पिरगाळला. मग कादर गाडीत बसून निघून गेला.

"आपलं सरकारच मुद्दाम पाडतंय आवाज," अण्णासाहेब ठामपणे म्हणाले. "दुश्मनाचं स्टेशन हाय. लोकांनी ऐकू नये म्हणून वरनं खरखर सोडत्यात. पलटणीत असताना म्या बगितलंय."

हवालदारानं सांगितल्यावर शंका घ्यायची कुणी? कादर चिडला. सरकारवर चिडायची त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी. दुसऱ्या दिवशी त्यानं तांब्याची पंचवीस हात तार आणली. एरियल जितकी उंच तितका आवाज स्वच्छ, हे त्याला माहीत होतं. आळीत झाड नव्हतं, पत्र्याची घरं बुटकी. सगळ्यात उंच काय, तर दारात उभ्या असलेल्या त्याच्याच गाडीवरची अँगलची चौकट. त्यानं तारेचं एक टोक त्या चौकटीला पक्कं बांधलं, आणि दुसरं खिडकीतून आत आणून रेडिओला लावलं.

खरखर दुप्पट झाली.

"बघा," अण्णासाहेब म्हणाले, "त्यांनी बी जोर वाढीवला."

अशा सव्वीस संध्याकाळी गेल्या. कादरनं जमिनीत तांब्याचा पत्रा पुरला, त्यावर मीठ टाकून पाणी ओतलं. सेल बदलले. पुण्याला जाऊन ओळखीच्या दुकानदाराकडून रेडिओ तपासून आणला. दुकानदार म्हणाला, रेडिओ फक्कड आहे. भिमाबाई रेडिओसमोर गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि त्या खरखरीत डोळे मिटून कान घालायची. एका संध्याकाळी खरखरीतून 'सिंग' एवढंच वर आलं, आणि ती "आलं! आलं!" करत उठून उभी राहिली. अण्णासाहेबांनी तिला खाली बसवलं. निम्मा पंजाब सिंग आहे, हे तिला सांगणं त्यांच्या जिवावर आलं, पण त्यांनी सांगितलं. त्या रात्री कादर जेवला नाही. रहमतबीनं ताट झाकून ठेवलं.

मार्च उजाडला. प्रचार थांबला, आणि गाडीला काम उरलं नाही. कादरनं ती रेल्वेच्या फाटकापलीकडच्या मोकळ्या जागेत लावली, कर्णे उतरवले, मशीन बंद केलं, आणि दिवेलागणीला चालत भिमाबाईकडे आला. एरियलचं टोक त्यानं बांबूला बांधलं, कारण गाडी नव्हती. रेडिओ लावला.

आवाज असा स्वच्छ आला, की तिघंही दचकली. माणूस शेजारच्या खोलीत बसून बोलावा तसा. हुद्दा, नाव, वल्द, गाव, जिल्हा. केरळचा एक, रोहतकचे दोन, कुमाऊँचा एक, साताऱ्याचा एक. साताऱ्याचा म्हटल्यावर भिमाबाईनं पदर तोंडात कोंबला. अखेर सरकारनं पिच्छा सोडला, असं म्हणून कादर चक्क हसला. अकरा नावं झाली. मग तो माणूस म्हणाला, की कैद्यांची यादी आज पुरी झाली आहे. उद्यापासून नावं वाचली जाणार नाहीत.

भिमाबाईला ती उर्दू कळली नाही. "काय म्हनला?" तिनं विचारलं.

कादर अण्णासाहेबांकडे बघायला लागला. शेवटी अण्णासाहेबांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी कादर गाडी आळीत घेऊन आला. चिंचवडला लग्नाची वरात होती आणि मशीन तपासायचं होतं. भिमाबाई रजा टाकून उंबऱ्यावर बसली होती. यादी संपली यावर तिचा विश्वास नव्हता. मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन ती काटा इकडून तिकडे फिरवत होती, आणि कुठल्या तरी परक्या भाषेतलं गाणं त्यातून बारीक वाजत होतं. कादरनं मशीन चालू केलं, बटण अर्ध्यावर ठेवलं, आणि कर्णा चढवायला टपावर हात घातला.

भुर्र्र.

त्याचा हात तिथंच राहिला. ती खरखर तो सव्वीस संध्याकाळी ऐकत आला होता. झोपेतही ओळखली असती. त्यानं गाडीच्या दारातून आत हात घालून मशीन बंद केलं. गाणं वाजायला लागलं. चालू केलं. भुर्र्र. बंद. गाणं. उस्तादांचा नियम मोडून त्यानं मशीन सहा वेळा चालू केलं आणि सहा वेळा बंद केलं. सातव्या वेळेला तो गाडीच्या चाकाला टेकून धुळीतच बसला.

"काय झालं वो कादरभाई?" भिमाबाईनं विचारलं. "चक्कर आली का?"

"ऊन लागलं," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं रहमतबीला सगळं सांगितलं. कर्णा मुका असला तरी डबीतली पट्टी थरथरत होती, आणि तीच रेडिओत खरखर सोडत होती. सव्वीस संध्याकाळी त्यानं स्वतःच्या हातानं नावांवर माती टाकली होती. नुसती गाडी दारात लावली असती तर एक वेळ काही कानावर पडलं असतं. यानं वर तार बांधून ती खरखर थेट रेडिओच्या कानात ओतली होती. जयसिंगचं नाव त्यात होतं की नव्हतं, हे आता अल्लालाच माहीत.

रहमतबीनं आधी दार लावून घेतलं. "नक्को बोलो किसकू," ती कुजबुजली. "एक अक्षर बाहेर नको. आधीच लोक म्हणतात हा लाहोर ऐकतो. उद्या म्हणतील, यानं मुद्दाम केलं. आपल्या पोराचं नाव ऐकू दिलं नाही. गाडी जाळतील, घर जाळतील."

ती खोटं बोलत नव्हती. कादर आठ दिवस गप्प बसला. वरातीत त्याच्या तोंडून नवरदेवाचं नाव चुकलं. समोरून भिमाबाई डाळ नाहीतर कोथिंबीर घेऊन आली की तो मागच्या दारानं बाहेर पडायचा. बरं, ती येऊन सांगायची काय, तर "कादरभाईंनी माज्यासाटी लई केलं." हे तो भिंतीपलीकडून ऐकायचा. शिव्या पचवता येतात, हे पचेना. नवव्या दिवशी तो तिच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला. भिमाबाई तांदूळ निवडत होती.

"आक्का, ती खरखर सरकारची नव्हती," तो म्हणाला. "माझ्या गाडीची होती. मशीनची. मी बंद करत नव्हतो."

त्यानं तोडक्यामोडक्या शब्दांत सगळं सांगितलं आणि मान खाली घालून उभा राहिला. ती सूप फेकून मारेल, आळी गोळा करेल, असं त्यानं धरलं होतं. त्याला ते हवंही होतं.

भिमाबाईचे तांदळावरचे हात थांबले होते. "समदे दिवस चालू हुतं?" तिनं विचारलं.

"सगळे."

"येक बी दिवस चुकला न्हाई?"

"नाही आक्का."

मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरत गेलं, की कादरला भीती वाटली. ती हसत होती.

"म्हंजी नाव घेतलं असंल की!" ती म्हणाली. "त्यांनी घेतलंच असंल. आपल्याला ऐकू आलं न्हाई, येवढंच. जिता हाय माजा जयसिंग. कादरभाई, आवो, जिता हाय त्यो!"

ती तशीच धावत अण्णासाहेबांकडे गेली, तिथून साऱ्या आळीत. कादर सुपासमोर उभाच होता. शिक्षा मागायला आलेल्या माणसाच्या पदरात तिनं असं काही टाकलं होतं, की ते ना घेता येत होतं ना परत करता येत होतं.

रहमतबीचं भाकीत अर्धं खरं ठरलं. दोन दिवसांनी सकाळी गाडीच्या काचा फुटलेल्या दिसल्या. अण्णासाहेबांनी आळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून चार दिवस येणाऱ्याजाणाऱ्याकडे असं पाहिलं, की पुढचा दगड पडला नाही. कादरनं कुणी काचा फोडल्या हे विचारलं नाही. पुढे वर्षभर त्यानं काचा बसवल्याही नाहीत. पावसात भिजत वर्दी द्यायचा.

त्या वर्षाच्या शेवटी कैदी सुटून आले. पेपरात फोटो आले, हारतुरे झाले. जयसिंग आला नाही. अण्णासाहेबांनी तीन पत्रं लिहिली. तिन्हींना उत्तर एकच आलं. तिकडच्यांनी दिलेल्या यादीत हे नाव नाही.

"काही मागं ठेवल्यात," भिमाबाई म्हणाली. "आजारी असंल. न्हाईतर नाव लिवताना चुकलं असंल. पन रेडिवर घेतलं हुतं."

पुढे काही वर्षांनी एका कचेरीतून कारकून आला. बेपत्ता माणूस मेला असं धरायचा कागद होता. भिमाबाईनं अंगठा दिला की तिला हक्काचं सगळं मिळणार होतं. तिनं हात पदराआड केला. "नाव घेतलंय तिकडं. इचारा कादरभाईला," ती म्हणाली.

कादरला बोलावलं. कारकून भला माणूस होता. त्यानं विचारलं, "तुम्ही स्वतः नाव ऐकलं का?"

हो म्हटलं तर खोटं. नाही म्हटलं तर तेही पुरतं खरं नाही. भिमाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"ऐकलं नाही साहेब," तो म्हणाला.

"म्हणजे नाव वाचलं गेलं नाही?"

"ते मला सांगता येत नाही."

कारकुनानं कागद पिशवीत घातला आणि चहा न घेताच गेला. भिमाबाईचा अंगठा शेवटपर्यंत कोरा राहिला. तिची नोकरी सुटली, कंबर वाकली, आणि ती लोकांच्या घरी भांडी घासायला लागली. एक 'हो' म्हणून टाकलं असतं तर तिला निदान साक्षीदार मिळाला असता. एक 'नाव नव्हतं' म्हणून टाकलं असतं तर तिनं आज ना उद्या अंगठा दिला असता आणि बसून खाल्लं असतं. कादर या दोन वाक्यांच्या मध्ये वर्षानुवर्षं अडकून पडला. रहमतबी म्हणायची, तुम्ही काही मुद्दाम केलं नाही. हे वाक्य ऐकलं की तो घराबाहेर जाऊन उभा राहायचा.

दरम्यान नवी मशिनं आली. त्यांत व्हॉल्व्ह नव्हते, व्हायब्रेटर नव्हता, बटण दाबलं की आवाज. कादरनं जुनी लँडमास्टर भंगारात घालून मेटॅडोर घेतली. दारात गाडी उभी असताना आता आळीतले रेडिओ खुशाल वाजत. जुनं मशीन मात्र त्यानं विकलं नाही. ते खाटेखाली पडून होतं, आणि रहमतबी त्याच्या भोवतीनं झाडू फिरवत असे.

एक्क्याऐंशीच्या थंडीत भिमाबाई अंथरुणाला खिळली. रहमतबी दोन्ही वेळा पेज पाजायला जायची. एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, भिमाबाईनं कादरला बोलावून घेतलं.

"कादरभाई, ते जुनं मशीन हाय का अजून?"

"आहे आक्का."

"लाव की. आन् रेडिओ बी आन."

"काय ऐकायचंय आक्का?"

"ती खरखर," ती म्हणाली. "धा वर्सं साफ रेडिओ ऐकला म्या. त्यात माज्या लेकाचं नाव न्हाई. त्या खरखरीत हाय."

कादरनं खाटेखालून मशीन ओढून काढलं, मेटॅडोरची बॅटरी सोडून आणली. व्हायब्रेटर मेलेला होता, आणि पुण्याच्या बाजारात आता तो भाग कुणाला ठाऊकही नव्हता. त्यानं पत्र्याची डबी उघडली, पट्टीची काळी पडलेली टोकं बारीक कागदानं घासली, फुंकली, पुन्हा घासली. मशीन भिमाबाईच्या उंबऱ्यावर ठेवून, रेडिओ तिच्या उशाशी लावून त्यानं एरियलची तार त्याच्या खोक्याभोवती गुंडाळली. बटण अर्ध्यावर नेलं. पट्टी एकदा अडखळली आणि थरथरायला लागली.

भुर्र्र. खोली त्या आवाजानं भरून गेली. भिमाबाईनं मान वळवून रेडिओला कान लावला आणि डोळे मिटले. मधेच तिचा चेहरा उजळला.

"आलं," ती म्हणाली. "कादरभाई, आलं की वो. ऐकलं का तुमी?"

दारात रहमतबी पेजेचं भांडं हातात घेऊन थबकली होती. कादरनं एकदा तिच्याकडे पाहिलं.

"ऐकलं आक्का," तो म्हणाला.

"काय म्हनला त्यो?"

आणि मग ज्या माणसाच्या तोंडून माईकशिवाय कधी धड वाक्य निघालं नव्हतं, तो ताठ उभा राहिला. भरतीची वर्दी ज्या आवाजात दिली होती, त्याच खणखणीत आवाजात त्यानं वाचून दाखवलं, "शिपाई जयसिंग, वल्द दत्तोबा, मुक्काम दापोडी, जिल्हा पुणे."

"पुन्यांदा," भिमाबाई म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं. आळीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. बॅटरी उतरत गेली, खरखर बारीक होत होत थांबली, तरी कादर नाव वाचतच राहिला.